चाळीतल्या आठवणी टिपताना

गिरणगावावर, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या कामगारवस्तीवर, काम करायचंय ना, मग ‘तेव्हा आयुष्य कसं होतं?’ असं विचारू नका. उत्तर गुळगुळीतच येतं. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. आजोबांपुढे कोरा कागद ठेवा, मोरी, चूल, ट्रंका, खुंट्या काढून घ्या. मग विचारा, रात्रपाळीहून आलेला कुठे निजायचा? तेवढ्यावरून अख्खी खोली बोलू लागते.

रेशनकार्डावरून माणसं मोजू नका, गावाकडून येऊन त्याच खोलीत राहणारे गाववाले त्यात सापडत नाहीत. कामगारांना पैसे घेऊन जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या मावशींना खाडा, म्हणजे न जेवलेला दिवस, हिशेबात कसा धरायच्या, हे आवर्जून विचारा; बायकांची ही कमाई हमखास निसटते. सालं चुकतात, म्हणून १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाआधी की नंतर, एवढंच पक्कं करा.