सासूबाईंची गोळी सुनेला चालेल का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी भांडुपला राहते, वय ३८. तीनेक महिने झाले, सकाळी उठलं की दोन्ही हातांची बोटं इतकी आखडलेली असतात की डब्यासाठी कणीक मळताना रडूच येतं, दहा वाजेपर्यंत कुठे जरा मोकळी होतात. बांगड्या तर चढतच नाहीत. सासूबाईंना गुडघ्यांचा संधिवात आहे, त्यांची पेनकिलर घेतली की बरं वाटतं. रक्तातला आरए फॅक्टर (आमवातासाठी करतात ती तपासणी) निगेटिव्ह आलाय, म्हणजे टेन्शन नाही ना?

उत्तर : ताई, ती गोळी मनाने घेऊ नका. दुखणं दबतं पण आत सांध्याचं नुकसान चालूच राहतं, शिवाय पोट आणि किडनीला त्रास होतो तो वेगळाच. संधिवाताचे शंभरावर प्रकार आहेत. सासूबाईंचा बहुतेक झिजेचा असणार, वय, वजन, जुनी दुखापत यामुळे होणारा, त्यात सकाळची आखड अर्ध्या तासात जाते आणि जिना उतरताना गुडघे जास्त बोलतात. तुमचं वर्णन मात्र आमवाताकडे, म्हणजे रुमॅटॉइडकडे जातंय. यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अमुक एका कारणाने होतो असं नाही, घराण्यातून येणारा कल असतो, सिगारेटने धोका वाढतो, आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट दिसतो. मूठ वळल्यावर जे उंचवटे दिसतात ते सांधे सुजलेत का बघा, नखाजवळचा सांधा यात सहसा वाचतो.

आरए फॅक्टरचं म्हणाल तर आमवात असलेल्या साधारण पाचातल्या एकीचा तो निगेटिव्हच येतो, आणि धडधाकट माणसाचाही कधीकधी पॉझिटिव्ह येतो, त्यामुळे त्या एका कागदावर निश्चिंत होऊ नका. अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या आणि हातांचा एक्सरे लागेल. पावसाळ्यात चिकुनगुन्या झाला होता का, डोक्यात सोरायसिस आहे का, उन्हात गेल्यावर गाल लाल होतात का, तोंड येतं का, हेही डॉक्टरांना सांगा, कारण ल्युपससारखे (यातही प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते) आजारही असेच सांध्यांपासून सुरू होतात.

रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाला, लगेच दाखवा. खासगी परवडत नसेल तर केईएम किंवा सायनला मेडिसिन ओपीडीत केसपेपर काढा. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. आणि मूल हवं असेल तर औषध सुरू व्हायच्या आधीच सांगा, गरोदरपणात ते चालत नाही.

प्रश्न : मुलगा २६ वर्षांचा, पहाटे कंबर दुखून उठतो, चाललं की बरं वाटतं. लोकलच्या धक्क्यांमुळे असेल का? (परळ)

उत्तर : नाही वाटत. धक्क्याने दुखणारी कंबर आडवं पडलं की सहसा शांत होते, याची उलट आरामाने वाढतेय. तीन महिन्यांच्या वर चाललं असेल तर अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा सूज आणणारा संधिवात, आहे का ते बघायला हवं. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी आणि कण्याचा खालचा भाग कमरेच्या हाडांना जिथे जुळतो त्या सांध्यांचा एमआरआय करायचा का ते रुमॅटॉलॉजिस्ट सांगतील. डोळा लाल होऊन दुखला असेल कधी, तर तेही आवर्जून सांगा.