लिनक्स ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट हँडलर आणि रीड फंक्शन यांच्यातील रेस कंडिशन कशी टाळावी?

आपल्या सिरियल पोर्टच्या ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरने इशारा देताच धावणारे फंक्शन) आणि रीड फंक्शन एकच बफर वापरतात. एका कोअरच्या बोर्डावर तो सुरळीत चालतो, चार कोअरच्या बोर्डावर मात्र बाइट गहाळ होतात. बफरमधील बाइट मोजणारा काउंटर व्होलाटाइल करून स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत जागेवर फिरत वाट पाहायला लावणारा लॉक) घातल्यापासून तर बोर्ड अधूनमधून गोठतो, असे आपण लिहिले आहे.

व्होलाटाइल आधी काढून टाका. त्यामुळे कंपायलर दरवेळी मेमरीतून वाचतो, एवढेच. वाचणे, बदलणे आणि परत लिहिणे या तीन पायऱ्या अखंड होत नाहीत. रीडने काउंटरमधून 5 वाचले, तेवढ्यात दुसऱ्या कोअरवर हँडलरने त्याचे 6 केले, आणि मग रीडने एक बाइट काढून आपले 4 लिहिले, की नव्या बाइटची नोंद पुसली जाते; हीच रेस कंडिशन. एका कोअरवरही ही फट असतेच, फक्त तिच्यात सापडण्याची वेळ क्वचित येते.

गोठण्याचे कारण वेगळे आहे. रीडने साध्या स्पिन_लॉकने लॉक धरला असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला, तर हँडलर त्या लॉकसाठी फिरत राहतो, आणि लॉक सोडणारे रीड हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून रीडमध्ये, लॉक असेपर्यंत त्या कोअरवरील इंटरप्ट बंद ठेवणारे स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह वापरा. हँडलरमध्ये साधा स्पिन_लॉक पुरतो. म्युटेक्स (वाट पाहणाऱ्याला झोपवणारा लॉक) येथे चालणार नाही, कारण हँडलरला झोपण्याची मुभा नाही. बाइट वापरकर्त्याच्या प्रोग्रामकडे नेणारे कॉपी_टू_यूजरही झोपू शकते, तेव्हा लॉकखाली बाइट स्थानिक अ‍ॅरेत घ्या, लॉक सोडा आणि मगच ते वापरकर्त्याकडे पाठवा. लिहिणारा एक आणि वाचणारा एकच असेल तर केफायफो ही कर्नलची तयार रांग लॉकशिवाय चालते. पण दोन प्रोसेसनी डिव्हाइस उघडले की वाचणारे दोन होतात, आणि त्यांच्यापुरता म्युटेक्स लागतोच.

चाचणीच्या कर्नलमध्ये लॉकच्या वापरातील चुका शोधणारे लॉकडेप चालू ठेवा. बोर्ड प्रत्यक्ष गोठला नाही तरी एकच लॉक कधी इंटरप्ट चालू ठेवून, तर कधी हँडलरमध्ये घेतलेला दिसताच ते तक्रार करते. लॉकविना झालेले वाचन-लेखन पकडायला कर्नल 5.8 पासून केसीसॅन हे साधन आहे.

ड्रायव्हर काढतानाचा क्रम मला सर्वांत दगाबाज वाटतो. इंटरप्टच्या नोंदणीसाठी डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू वापरून (डेव्हएमने घेतलेले कर्नल आपोआप सोडते) ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या रिमूव्हमध्ये बफर स्वतः केफ्रीने मोकळा केलात, तर इंटरप्टची नोंदणी रिमूव्ह परतल्यानंतर सुटते आणि मधल्या वेळात हँडलर मोकळ्या केलेल्या मेमरीत लिहू शकतो. म्हणून बफरही डेव्हएमनेच, इंटरप्टच्या नोंदणीआधी घ्या. सोडवणूक उलट क्रमाने होत असल्याने तो शेवटी सुटेल.