इंजिनमधून ठकठक येतेय, फिटर म्हणतो बेअरिंग गेलंय. पुण्याहून कोल्हापूरला हळूहळू नेली तर चालेल का? आणि हे होतं कशामुळे?

नका नेऊ. त्या 'हळूहळू' शब्दावरच माझं एक इंजिन गेलंय म्हणून लिहितोय.

चार वर्षांपूर्वी साताऱ्याला लग्नाला निघालो होतो, शेजारी साडूभाऊ. नसरापूरच्या पुढे चहाला उतरताना गाडी खालून दगडाला जोरात घासली, मी म्हटलं वाकून बघतो, तर हे म्हणाले काही होत नाही हो, अक्षता गाठायच्यात. शिरवळ ओलांडलं आणि ऑइलचा लाल दिवा लागला. मी बाजूला घेत होतो तर म्हणे 'सेन्सर असतो तो, माझ्या गाडीत सहा महिने लागलाय'. (नंतर कळलं की त्यांच्या गाडीत लागायचा तो चेक इंजिनचा पिवळा दिवा!) आणि मी गाढवासारखं ऐकलं. खंडाळ्याला टिकटिक सुरू झाली, खंबाटकी चढायला लागलो तशी तिची ठकठक झाली, आणि अर्ध्या घाटात धाडकन आवाज येऊन सगळं शांत. रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी, जोडणारा दांडा) इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर. तिकडे जेवणाच्या पंगती उठल्या, इकडे आम्ही टोइंगची वाट बघत, बायको पैठणी नेसून कठड्यावर बसलेली, माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. साडूंशी मात्र बोलत होती.

दगडाने चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) चिरून ऑइल गळून गेलं होतं. तो लाल दिवा ऑइलचं प्रेशर पडलं की लागतो, म्हणजे तेव्हाच इंजिन बंद करायचं असतं. क्रँक आणि बेअरिंगमध्ये ऑइलचा पातळ थर असतो, तो गेला की धातूवर धातू. तिथल्या तिथे बंद केली असती तर नवा चेंबर, ऑइल आणि टोइंग एवढ्यात भागलं असतं. मला ९० हजार लागले, आणि विमावाल्यांनी फक्त चेंबरचे दिले, का तर फुटल्यावर चालवली.

तुमचं कशामुळे? ऑइल वेळेवर न बदलल्याने गाळ होऊन पंपाची जाळी चोक होते, नाहीतर लेव्हलच कमी असते. पावसात पाण्यात बंद पडल्यावर परत सेल मारला असेल तर रॉड वाकतो. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय, बहुतेक हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेलंय. पेट्रोल असेल तर फिटरला एकेका सिलिंडरची स्पार्कची कॉइल काढून बघायला सांगा, जिची काढल्यावर आवाज कमी होतो तिथला रॉड.

हां, आवाज वरून, बारीक टिकटिक असा असेल तर नुसता टॅपेटही (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) असू शकतो, मग एवढं घाबरू नका. पण ते फिटर ठरवेल, नातेवाईक नाही.

साडू आजही म्हणतात इंजिन आधीच कमजोर होतं. १ लाख ४० हजार किलोमीटर काय ढकलत नेली होती का? चिरलेला चेंबर मी माळ्यावर ठेवलाय, ते घरी आले की खाली काढतो.