जाऊ शकतं, जाईल, जायला हवं

प्रश्न : घरचं जुनं सागवानी कपाट विकायचंय. 'हे चाळीस हजारांना जाऊ शकतं' याचं मी 'इट कॅन सेल फॉर फॉर्टी थाउजंड' केलं. शिकवणीच्या बाईंनी 'कॅन' खोडून 'कुड' लिहिलं. का?

उत्तर : आपलं 'शकतं' दोन कामं करतं. 'सागवानी कपाटं चाळीस हजारांनाही जाऊ शकतात' हा सर्वसाधारण अनुभव झाला. तिथे 'कॅन' बरोबर. पण एका ठरावीक कपाटाचं काय होईल हा अंदाज आहे. त्याला 'कुड', 'माइट' किंवा 'मे' लागतं. 'उद्या पाऊस पडू शकतो'चं 'इट कॅन रेन टुमॉरो' याच कारणाने चुकतं, आणि मराठी माणसाकडून ही चूक हमखास होते.

यातलं कुठलं घ्यायचं, हे हातात पुरावा किती यावर ठरवा. खण ओढून पाहिला, फळी जड आहे, रेषा सागाच्या आहेत, तर 'इट मस्ट बी टीक' : सागवानीच असणार. शेजाऱ्यांचं तसंच कपाट तेवढ्याला गेलं असेल, तर 'इट शुड फेच फॉर्टी थाउजंड' : तेवढे यायला हवेत. नुसती आशा असेल तर 'माइट'. गिऱ्हाईक समोर नाही, पण विकलंच तर किती येतील असं सांगायचं, तर 'इट वुड फेच अबाउट फॉर्टी थाउजंड'. नेमका आकडा सांगवत नसेल तर 'इट कुड फेच एनीथिंग फ्रॉम थर्टी टू फॉर्टी थाउजंड' म्हणा. व्यवहारात हेच सगळ्यात सोयीचं.

या शब्दांपुढे क्रियापद मूळ रूपातच येतं. 'मस्ट कॉस्ट्स', 'मे टू कॉस्ट' दोन्ही चूक. 'वर्थ'ला 'बी' लागतंच : 'इट मस्ट बी वर्थ अ लॉट'.

भूतकाळात मात्र जपून. 'तेव्हा पाचशेला पडलं असणार' म्हणजे 'इट मस्ट हॅव कॉस्ट फाइव्ह हंड्रेड'. इथे 'कॉस्टेड' नाही. 'चाळीस हजार आले असतील' याला 'इट मे हॅव फेच्ड फॉर्टी थाउजंड' म्हणा. 'कुड हॅव फेच्ड' म्हटलंत तर ऐकणारा बहुतेक वेळा 'आले असते, पण आले नाहीत' असं समजेल. सौदा झाल्यावर असा घोटाळा महागात पडतो.

प्रश्न : 'हे सागवानी नसणार' याला 'मस्टन्ट बी' चालेल का?

उत्तर : नाही. 'मस्टन्ट' ऐकलं की मनाईच वाटते. 'इट कान्ट बी टीक' म्हणा : असूच शकत नाही. 'इट मे नॉट बी टीक' म्हणजे नसेलही, कदाचित असेल. अमेरिकेत अनुमानासाठी 'मस्ट नॉट बी' म्हणतात, पण तिथेही 'मस्ट' आणि 'नॉट' सुटे ठेवून.

प्रश्न : 'मेबी' जोडून लिहायचं की तोडून?

उत्तर : 'कदाचित' म्हणायचं असेल तर जोडून, 'असेल' म्हणायचं असेल तर तोडून. 'मेबी इट इज टीक', पण 'इट मे बी टीक'.