आधी डिस्कची फट बघा

प्रश्न : टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं यंत्र, म्हणजे कन्सोल, घ्यायचाय. घरात 43 इंची फोर-के टीव्ही आहे. मुलगा प्लेस्टेशन 5 म्हणतो, मुलीला एक्सबॉक्स सिरीज एस हवा. यजमानांना त्यावर सिनेमेही बघायचेत. नेट मोबाईलचंच, रोजचं 2 जीबी. इन्व्हर्टर आहे. काय घ्यावं? – एक शिक्षिका, सेलू

उत्तर : ताई, परभणीत टीव्ही दुरुस्तीला बसून मला बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक आलं की पहिलं विचारतं, 'कोणता जास्त पावरफुल?' तुम्ही नेटचं आणि इन्व्हर्टरचं लिहिलंत, तिथंच अर्धं उत्तर आलं.

लेकीचा सिरीज एस स्वस्त आणि लहानसा, वीजही कमी खातो. पण त्याला डिस्कची फटच नाही. प्रत्येक गेम नेटवरून उतरवायचा, आणि मोठा गेम सहज 100 जीबीचा. तुमच्या रोजच्या 2 जीबीत पन्नास दिवस, तेही घरात कुणी व्हिडिओ बघितला नाही तर! माझ्या भाच्याला मीच हौसेनं बिनडिस्कचा घेऊन दिला होता. महिनाभर पोरगं मोबाईल गच्चीवर ठेवून हॉटस्पॉट लावायचं. फोन केला की, 'मामा, अजून उतरायलंय.'

म्हणून डिस्कवाला प्लेस्टेशन 5 घ्या. डिस्कवरून गेम आत भरला जातो. वरचे अपडेट नेटवरूनच येतात, पण ते बहुतेक वेळा निभतं. खेळताना डिस्क आत लागतेच. नवी डिस्क चार-पाच हजारांची असली तरी खेळून झाली की विकता येते, मित्राशी बदलता येते. उतरवलेला गेम कुणाला विकणार? प्लेस्टेशन 4 च्या जुन्या डिस्काही यावर चालतात. एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या डिस्कवाल्या मॉडेलवरही डिस्क चालते, यंत्र चांगलंच आहे. पण त्याच्या डिस्का मला परभणीत क्वचितच दिसतात. बिनडिस्कचा प्लेस्टेशन 5 घेऊन डिस्क वाचायचा ड्राइव्ह नंतर वेगळा जोडू म्हणाल, तर जोडताना एकदा नेट लागतं, हे ध्यानात असू द्या.

यजमानांसाठी : डीव्हीडी, ब्लू-रे, फोर-के ब्लू-रे, सगळं लागेल. भावगीतांच्या सीडी मात्र नाही. प्लेस्टेशन 5 ऑडिओ सीडी वाचत नाही.

आता लाईट. इन्व्हर्टरच्या मागं किंवा बाजूला 'यूपीएस'चं छोटं बटण असतं, मॉडेलप्रमाणे जागा बदलते. ते चालू नसेल तर लाईट गेल्यावर पंखा फिरत राहतो, पण कन्सोल त्या क्षणभरात बंद पडतो. तेवढ्यात गेम भरत असेल तर काम अर्धवट राहतं. मात्र यूपीएसवर ठेवलं की व्होल्टेज थोडं उतरलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की आपल्याकडे व्होल्टेज उतरतंच; मग लाईट असूनही बॅटरी संपते. खेळताना कन्सोल 200 वॅटच्या आसपास ओढतो, टीव्ही वेगळा. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या लाईटसारखीच वीज देणारा, हवा.

उन्हाळ्याचंही सांगतो. कंपनीनं खोलीचं तापमान 35 अंशांपर्यंतच सांगितलंय आणि आपल्याकडे मेमध्ये 42 असतं. काचेच्या शोकेसमध्ये ठेवू नका. एका घरी गेलो तर कन्सोलवर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर गणपती! हवा जायची भोकं पार बुजलेली. दुपारी एक ते पाच बंदच ठेवा. बाजूची पांढरी झाकणं निघतात, आत धूळ साठायच्या दोन जागा आहेत. महिन्यातून एकदा व्हॅक्यूम फिरवा.

लेक रुसेल. खोक्यात कंट्रोलर एकच येतो, तेव्हा दुसरा त्याच दिवशी घ्या, तिच्या पसंतीच्या रंगाचा.