गोळीच्या आधी झोप, खेळ आणि एक वही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा साडेचार वर्षांचा, ज्युनियर केजीत. चार घास खाल्ले की ताटावरून उठतो, गोष्ट अर्धी टाकून पळतो, रस्त्यात हात सोडून धावतो. शाळेतल्या टीचर म्हणाल्या, ‘हायपर आहे, दाखवून घ्या.’ आता तुम्ही विचारताय की गोळ्या न देता, नैसर्गिक उपायांनी हे आटोक्यात येईल का, साखर बंद करू का, ब्राह्मी सुरू करू का.

माझा मोठा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. तो चार वर्षांचा असताना मी हेच प्रश्न घेऊन दिसेल त्याला विचारत होते. मी डॉक्टर नाही, पण या वाटेवर अकरा वर्षं चालते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मनावरचं ओझं थोडं हलकं करते. साडेचार वर्षांचं मूल एका जागी बूड टेकत नाही, एवढ्यावरून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा हा विकार, ठरत नाही. त्यासाठी लक्षणं किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, घरी आणि शाळेत अशी दोन्हीकडे दिसावी लागतात आणि त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा ठळकपणे जास्त असावी लागतात. ‘त्याच वयाच्या’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. तुमच्या मुलाचा जन्म कोणत्या महिन्यातला? महाराष्ट्रात शाळाप्रवेशासाठी वय ३१ डिसेंबरला मोजतात, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरची मुलं वर्गात सगळ्यांत लहान असतात. जानेवारीत जन्मलेलं मूल शेजारी बसलं, तर दोघांत जवळजवळ वर्षाचा फरक पडतो, आणि या वयात एक वर्ष म्हणजे केवढं तरी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही वर्षाची सीमा ३१ डिसेंबरच आहे. तिथल्या मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली एक अभ्यास आला. डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान मिळण्याचं प्रमाण जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त निघालं. टीचरना हे जरूर सांगा, पण वाद घालायला नको. त्यांनी रोज पाहिलेलं आपल्याला घरी दिसत नाही.

आता माझी चूक सांगते, कारण तुम्हीही त्याच उंबरठ्यावर आहात. मी सगळं एकदम केलं. साखर, मैदा, दूध, तिन्ही एकाच दिवशी बंद. जोडीला कुणी सांगितलं म्हणून एक चूर्ण. दोन महिन्यांत मुलगा वाळला, वाढदिवसाच्या घरांतून रडत परत यायला लागला, आणि नेमका कशाचा गुण आला, कशाचा नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. खरी गोष्ट माझ्या सासूबाईंच्या ध्यानात आली. त्या आठ दिवस राहायला आल्या होत्या आणि तो त्यांच्याजवळ झोपायचा. त्या म्हणाल्या, ‘अगं, हा रात्रभर तोंड उघडं टाकून घोरतो, मधेच श्वास अडकल्यासारखा दचकतो.’ मी रोज त्याच खोलीत होते आणि मला ते साधं सर्दीचं वाटत होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासल्यावर ॲडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी, चांगल्याच वाढलेल्या निघाल्या.

मोठं माणूस नीट झोपलं नाही की पेंगतं. लहान मूल उलट वागतं. ते चिडचिडं होतं, जास्त पळतं, हट्टाला पेटतं. माझ्या मुलाच्या ॲडेनॉइडच्या ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांत घरातला अर्धा गोंधळ शांत झाला. सगळा झाला नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. म्हणून माझा पहिला सल्ला: आज तो झोपला की तासाभरानं त्याच्याजवळ जाऊन ऐका. घोरणं, तोंडानं श्वास, रात्री खूप घाम, मान मागे टाकून झोपणं, यातलं काही दिसलं तर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. आणि झोपेचे तास मोजा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दिवसाला १० ते १३ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे बाबा रात्री साडेनऊला घरी येतात, मग जेवण, मग टीव्ही, आणि मूल अकराला झोपून सकाळी सातला शाळेसाठी उठतं. हिशेब आठ तासांचाच होतो. आम्ही जेवण साडेसातला आणलं, नवऱ्यानं मुलाशी खेळायची वेळ सकाळवर नेली. सोपं नव्हतं. महिनाभर घरात कुरबुरी झाल्या.

दुसरी तपासणी रक्ताची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं ॲनिमियाची निघाली, म्हणजे हे दुसऱ्याच्या घरचं दुखणं नाही. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही बघायला सांगा. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा; हिमोग्लोबिन बरं असूनही तो कमी असू शकतो. साठा कमी असलेली मुलं रात्री पाय झाडतात, अस्वस्थ असतात, त्यांचं लक्ष टिकत नाही. लोहाचं सिरप मात्र स्वतःच्या मनानं देऊ नका, लहान मुलाला त्याचा जास्त डोस विषासारखा बाधतो. स्वयंपाकघरात करण्यासारखं बरंच आहे: आळिवाची खीर, मेथी, खजूर, तीळ, खात असाल तर अंडं आणि मटण, आणि जेवणात लिंबू. आणि चहा-बिस्किट, चहा-चपाती बंद. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि आपल्या घरांतून ‘दुधाचाच आहे’ म्हणत लेकरांना सर्रास चहा दिला जातो. दिवसभर दुधावर राहणाऱ्या मुलांचंही लोह कमी पडतं. त्याच भेटीत कान आणि डोळे तपासून घ्या. ज्याला नीट ऐकू येत नाही, तो ‘ऐकत नाही’ असंच सगळे म्हणतात.

साखरेचं थोडक्यात. साखरेनं मुलं हायपर होतात हे नीट केलेल्या प्रयोगांत दिसलेलं नाही. अमेरिकेत १९९४ साली काही आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात मुलांना साखर नसलेलं गोड पेय दिलं होतं. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. दातांसाठी, भुकेसाठी साखर कमी कराच, पण त्यानं पायाची भिंगरी थांबेल ही आशा ठेवू नका. रंगांचं मात्र वेगळं आहे. इंग्लंडमध्ये साउदम्प्टनला २००७ साली तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या साध्यासुध्या मुलांवर प्रयोग झाला. सहा कृत्रिम रंगांपैकी काही आणि सोडियम बेंझोएट (खाऊ टिकावा म्हणून घालतात ते रसायन) यांच्या मिश्रणांनी चंचलपणा थोडा वाढलेला आढळला. त्यानंतर २०१० पासून युरोपात त्या सहा रंगांच्या खाऊवर तसा इशारा छापावा लागतो. त्यातले टार्ट्राझीन (१०२), सनसेट यलो (११०), कारमोइसिन (१२२) आणि पॉन्सो ४आर (१२४) आपल्याकडे चालतात. पाकिटामागे हे आकडे शोधा. जेली, रंगीत गोळ्या, नारिंगी सरबतं, पिवळे कुरकुरीत प्रकार यांत ते सापडतात. परिणाम सरासरीनं लहान असतो, काही मुलांत जास्त दिसतो. महिनाभर बंद करून बघा, नुकसान काहीच नाही. गहू, दूध, डाळी असं मूळ अन्न मात्र आहारतज्ज्ञाशिवाय तोडू नका.

इथेच वहीचं सांगते. एका वेळी एकच बदल, निदान दोन आठवडे, आणि रोज रात्री दोनच ओळी: किती वाजता झोपला, किती वेळ बाहेर खेळला, आज कुठे बिनसलं. माझ्या वहीतून मला कळलं की त्याचे सगळे मोठे तमाशे संध्याकाळी सहा ते सातमध्ये व्हायचे, म्हणजे भुकेच्या वेळी. मग साडेपाचला शेंगदाणे-गूळ किंवा थालीपीठ द्यायला लागले. कुठल्याच डॉक्टरांना हे सांगता आलं नसतं.

खेळ. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसाला १८० मिनिटं हलतं-फिरतं असावं, त्यातली ६० मिनिटं दम लागेपर्यंत, आणि स्क्रीन एका तासाच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. तीन तास! आपली मुलं व्हॅनमधून शाळेत, शाळेतून लिफ्टनं घरी. मग ती घरातच सोफ्यावरून उड्या मारतात आणि आपण त्यांना हायपर म्हणतो. शाळेच्या आधी वीस मिनिटं खाली पळवून आणलं की आमची सकाळ बदलायची. शक्य तर झाडं असलेल्या जागी न्या. एडीएचडी असलेल्या सात ते बारा वर्षांच्या मुलांना अमेरिकेत वीस मिनिटं बागेत चालवून आणलं, तेव्हा शहरातल्या रस्त्यांवर चालून आल्यापेक्षा त्यांचं लक्ष चांगलं लागलेलं दिसलं. पावसाळ्याचे चार महिने आमची खरी परीक्षा असायची. तेव्हा गादी जमिनीवर टाकून कोलांट्या, जिना चढउतार, आणि अंग लावून करायची कामं: कणीक मळणं, बटाट्याची पिशवी ओढत आणणं, पाण्याच्या छोट्या बादल्या भरणं. अशा जड कामांनंतर तो हमखास शांत बसायचा. सहाव्या वर्षी मल्लखांबाला घातलं. तिथे आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं आणि पाळी आली की सगळं अंग कामाला लागतं, त्याला दोन्ही मानवलं.

मोबाइल एका दिवसात बंद करू नका. जेवताना आणि झोपण्याआधीचा एक तास, या दोन वेळा आधी सोडवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि सगळ्यांत अवघड. या वयात पहिला इलाज कोणता, याबद्दल डॉक्टरांचं म्हणणं अगदी स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चार-पाच वर्षांच्या मुलासाठी आधी मुलाचं वागणं कसं हाताळायचं याचं आईवडिलांना प्रशिक्षण, औषध त्यानंतर, गरज लागली तरच. तुम्ही ज्याला नैसर्गिक उपाय म्हणताय तो हा आहे, आणि तो बाटलीत मिळत नाही. मी मुलाला मारलेलं आहे. त्याचा कधीच उपयोग झाला नाही. घाबरून तो अजून सैरावैरा व्हायचा. शिकल्यावर काय बदललं ते लिहिते. स्वयंपाकघरातून ओरडणं बंद. जवळ जायचं, खांद्यावर हात, नजरेला नजर, आणि एकच सूचना, चार शब्दांची. ‘पळू नकोस’ऐवजी ‘माझा हात धर.’ ‘चल आता घरी’ऐवजी ‘अजून दोन घसरगुंड्या, मग घरी’, आणि दोन म्हणजे दोनच. नुसतं ‘शाब्बास’ त्याच्यापर्यंत पोचत नाही. ‘आल्या आल्या चप्पल जागेवर ठेवलीस’ हे पोचतं. काचेची बरणी ठेवली, प्रत्येक अशा गोष्टीला लगेच एक राजमा आत, दहा झाले की आजोबांबरोबर स्टेशनवर गाड्या बघायला. उशिरा मिळणारं मोठं बक्षीस या मुलांना कळतच नाही, ते त्याच दिवशी हातात पडावं लागतं. जेवताना पाय लोंबकळत होते म्हणून खुर्चीखाली पाट ठेवला, त्यानंच बसणं दोन-तीन मिनिटांनी वाढलं. आणि रोज दहा मिनिटं त्याच्या मर्जीचा खेळ, ज्यात मी शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. हे मला सगळ्यांत जड गेलं आणि याचाच सगळ्यांत जास्त गुण आला. घरातल्या सगळ्यांनी एकच पद्धत धरायला हवी, नाहीतर आई नाही म्हणते आणि आजी देते, हे मूल चार दिवसांत ओळखतं.

ब्राह्मीबद्दल. मुलांच्या चंचलपणावर ती नक्की काम करते असा भक्कम पुरावा मला अजून मिळालेला नाही. मला जास्त काळजी वाटते ती तयार चूर्णांची आणि भस्मांची. २००४ साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये दुकानांतून विकत घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं तर मुलाच्या लक्ष देण्याच्या क्षमतेवरच घाला घालतं. द्यायचंच असेल तर शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्यांकडून, काय देताय ते लिहून घेऊन, आणि बालरोगतज्ज्ञांना सांगून. सुट्ट्या पुडीतलं काहीही नको.

आणि गोळी. या वयात तिचा गुण कमी येतो आणि दुष्परिणाम जास्त दिसतात, त्यामुळे तुमचं थांबणं योग्यच आहे. पण तिला कायमची शत्रू ठरवू नका. हे सगळं करूनही माझा मुलगा तिसरीत मागे पडत होता, एकही मित्र टिकत नव्हता. तेव्हा बालमानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं औषध सुरू केलं. मी ते दोन वर्षं आधी नाकारत होते, आणि त्या दोन वर्षांबद्दल मला वाईट वाटतं. बोलणं उशिरा आलेलं असेल, नजर देत नसेल, येत असलेलं काही विसरत असेल, मधेच क्षणभर शून्यात हरवत असेल, तर मात्र महिने घालवू नका, लगेच दाखवा. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे मुलांची श्रवण, दृष्टी आणि विकासाची तपासणी मोफत होते.

डॉक्टरांकडे जाताना वही, झोपेचा व्हिडिओ आणि टीचरनी लिहून दिलेल्या चार ओळी न्या. आणि त्याच्यासमोर तक्रारी सांगू नका. पहिल्या भेटीत मी सांगत होते तेव्हा माझा मुलगा टेबलाखाली गाडी फिरवत होता, मला वाटलं त्याचं लक्ष नाही. परत येताना रिक्षात त्यानं विचारलं, ‘आई, मी कुणाकुणाला त्रास देतो?’ तेव्हापासून डॉक्टरांना सांगायचं सगळं मी आधी कागदावर लिहून पाठवते, आणि तो आत येतो तेव्हा आम्ही त्याच्या मल्लखांबाबद्दल बोलत असतो.