मक्यातला माठ औषधाला बधेनासा झाला, तर?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त मुलुंडला राहतो. येवला तालुक्यातील आमच्या शेतात दर खरिपात मका असतो आणि सहा वर्षे पेरणीनंतर ॲट्राझिन हे तणनाशकच फवारले जाते. यंदा माठाचे तण बरेच तगले. दुकानदार मात्रा दुप्पट करण्यास सांगतो. करावी का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : करू नये. तगलेला माठ त्याने मरेलच असे नाही, आणि जमिनीत उरलेला अंश मक्यामागून येणाऱ्या कांद्याला मात्र बाधू शकतो.

आधी फवारणी कशी झाली ते तपासावे. ॲट्राझिन पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, तण उगवण्यापूर्वी, ओल्या जमिनीवर पडावे लागते. मुंबईत राहून शेती करणाऱ्यांची फवारणी पुष्कळदा वाफशाऐवजी (जमिनीतल्या योग्य ओलीऐवजी) शनिवार-रविवार पाहून होते, हे आपल्याला सांगायला नकोच. लव्हाळ्याचे तण राहिले असेल तर तो औषध निकामी झाल्याचा पुरावा धरू नये. लव्हाळा या औषधाला पूर्वीही फारसा जुमानत नव्हता.

तरीही आपण पाठवलेल्या छायाचित्रात एकाच ओळीत, एकाच उंचीची माठाची दोन रोपे आहेत; एक कडांपासून पिवळे पडून करपले आहे, तर त्याला खेटून असलेले दुसरे हिरवेगार आहे. यावरून प्रतिकारशक्तीची शंका बळावते. मका स्वतः ॲट्राझिनचे विघटन करतो म्हणून वाचतो, आणि काही तणेही तीच युक्ती साधतात. पंजाब-हरियाणातील गहू उत्पादकांनी १९९०च्या दशकात आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाबाबत असाच अनुभव घेतला. तेच औषध वर्षानुवर्षे वापरल्याने गव्हातले तण त्याला दाद देईनासे झाले.

पुढील हंगामात केवळ डब्यावरचे नाव नव्हे, तर आतला घटक बदलावा. टेंबोट्रिओन किंवा टोप्रामेझोन हे तणनाशक वेगळ्या मार्गाने काम करते. तण दोन ते चार पानांवर असताना लेबलावरील मात्रेत फवारल्यास तणाची पाने पांढरी पडतात. मात्र तेही दरवर्षी वापरल्यास हीच वेळ येईल, म्हणून पहिल्या ३० ते ४५ दिवसांत एक-दोन कोळपण्या (ओळींमधले तण खुरपून काढणे) सोडू नयेत आणि एखाद्या वर्षी मक्याऐवजी सोयाबीन घ्यावे.

सध्याचे तातडीचे काम तगलेला माठ बी धरण्याआधी उपटण्याचे आहे. एका झाडावर हजारो बिया धरतात, तेव्हा आपल्या पुढच्या फेरीची वाट न पाहता वाटेकऱ्याला आजच फोन करावा. दोन-चार झाडे तेवढी खूण करून राखावीत. त्यांचे बी आणि कधीही न फवारलेल्या बांधावरील माठाचे बी वेगवेगळ्या कुंड्यांत पेरून दोहोंवर सारखीच मात्रा फवारली, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. ही चाचणी शेतावरच करावी, मुलुंडच्या गॅलरीत नव्हे.